सौम्यतेने व भीडस्तपणाने

"काय वाचताय?" शेजारच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं. प्रतीक्षाकक्षात आम्ही दोघीच उरलो होतो. माझ्या हातात तळहाताएवढा 'नवा करार', म्हणजे बायबलचा दुसरा भाग होता, मध्ये बोट घालून अर्धवट मिटलेला. मी म्हणाले, "काही नाही, असंच." आणि पुस्तक पर्समध्ये टाकलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. दहा मिनिटांनी त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या परत कधी दिसल्या नाहीत.

ही ऑक्टोबरमधली गोष्ट. ते 'असंच' पुढे दोन-अडीच महिने माझ्या मनात रुतून बसलं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रात्र रात्र ज्या पानांनी मला धीर दिला, त्यांना मी 'काही नाही' म्हटलं होतं. त्या बाईंना कदाचित विश्वासाबद्दल काही ऐकायचंही नसेल, नुसतं कुणाशी तरी दोन शब्द बोलायचं असेल. तेवढंही मी दिलं नाही.

आता सव्वा वर्ष झालं. या काळात मी जवळजवळ दर शनिवारी अनोळखी माणसांशी येशूबद्दल बोलायला बाहेर पडले. ज्यांना हे करावंसं वाटतं पण नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, १२ जानेवारीपासून सहा गुरुवार आपल्या विश्वासाबद्दल इतरांशी कसं बोलावं याचा संध्याकाळचा वर्ग होता. फी नव्हती. आम्ही नऊ जण होतो, शेवटपर्यंत पाच टिकलो. पहिल्या दिवशी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, प्रत्येकाला एक कागद दिला आणि भीती कशाची वाटते ते लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'समोरच्याला वाटेल मी काहीतरी विकायला आले आहे.' नंतर सगळे कागद वाचले, तेव्हा नऊपैकी सहा जणांनी शब्द बदलून हेच लिहिलेलं निघालं. मला तिथेच अर्धं हलकं वाटलं.

दुसऱ्या गुरुवारी साक्ष लिहायची होती. म्हणजे आपण आधी कसे होतो, ख्रिस्ताची ओळख कशी झाली आणि त्यानंतर काय बदललं, हे तीन मिनिटांत सांगता येईल असं. माझी चार पानं झाली. माझी जोडीदार म्हणून पाळकसाहेबांनी माईंना नेमलं होतं. माई निवृत्त परिचारिका, वयाने माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठ्या. त्यांनी पेन्सिल घेतली आणि चर्चबाहेरच्या माणसाला कळणार नाही अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढली. तेवीस रेघा झाल्या. "हे बघ," त्या म्हणाल्या, "तू पापातून सुटकेला तारण म्हणतेस. बाहेरच्या माणसाला तारण म्हटलं की कर्जासाठी गहाण ठेवलेलं घर आठवतं. साक्ष म्हटलं की कोर्ट. आणि मंडळी म्हटलं तर तो म्हणेल, कुठली मंडळी?"

त्या तेवीस शब्दांशी मी आठवडाभर झगडत होते. देवाचा आत्मा माणसावर उतरतो त्याला आम्ही 'अभिषेक' म्हणतो, तो शब्द काढला तर त्याच्या जागी काय घालायचं? 'ओझं उतरलं' चालेल, पण कसलं ओझं ते सांगावं लागतं, आणि ते सांगायला गेलं की खरं बोलावं लागतं. मी शेवटी लिहिलं : 'वडील गेले तेव्हा माझा त्यांच्याशी अबोला होता. ती टोचणी मी एकटीने वाहू शकत नव्हते.' हे वाक्य मी तोपर्यंत कुणासमोरही उच्चारलं नव्हतं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी का खर्च केली असतील, याची पुसटशी कल्पना मला त्या आठवड्यात आली. साध्या शब्दांत लपायला जागा नसते. (तुम्हीही साक्ष लिहिणार असाल तर पाठ करू नका. चौथ्यांदा लिहून झाल्यावर मी कागद कपाटात ठेवून दिला, तेव्हा कुठे ती बोलल्यासारखी वाटायला लागली.)

चौथ्या गुरुवारी नव्या करारातल्या, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायाचं पंधरावं वचन घेतलं. आपल्या ठायी असलेल्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते 'सौम्यतेने व भीडस्तपणाने' द्या. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण 'भीडस्तपणाने' या शब्दाशी त्या दिवशी पहिल्यांदा थांबले. मी तर भीड चेपण्यासाठी या वर्गाला आले होते! आणि इथे पेत्र सांगतो की भीड बरोबर घेऊनच जा. समोरच्याची भीड, देवाची भीड. माझ्यात जो संकोच होता त्यातला भित्रेपणा तेवढा जायला हवा होता. बाकीचा हवाच होता.

अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याचंही असंच झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. १७३९ साली त्याचा सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्डने त्याला इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात उघड्यावर उपदेश करायला बोलावलं, तेव्हा तो आधी कचरला. रोजनिशीत तो लिहितो की, चर्चच्या इमारतीबाहेर कुणाचा आत्मा वाचवणं हे त्याला आजवर जवळजवळ पापच वाटलं असतं, इतका तो रीतभातीला धरून होता. मग २ एप्रिलला शहराबाहेरच्या उंचवट्यावर उभा राहून तो बोलला. पुढची पन्नासेक वर्षं तो उघड्यावर बोलतच राहिला.

पाचव्या गुरुवारी नियम. हा भाग रटाळ वाटेल, पण सोडू नका. जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं अठरावं कलम (१० डिसेंबर १९४८) धर्म बदलण्याचं आणि तो एकट्याने किंवा इतरांबरोबर, खाजगीत किंवा उघडपणे पाळण्याचं, शिकवण्याचं स्वातंत्र्य देतं. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारातही अठरावंच कलम आहे, आणि तिथे दोन गोष्टी जास्त आहेत. कुणावरही धर्माच्या बाबतीत जबरदस्ती करायची नाही, आणि सार्वजनिक सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे मूलभूत हक्क जपण्यासाठी सरकार कायद्याने मर्यादा घालू शकतं. या मर्यादा देशोदेशी फार वेगळ्या आहेत. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा आधी वाचा आणि जाणकार वकिलाला विचारा. दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती मित्राने सांगितलं म्हणून निघू नका.

त्याच दिवशी आम्ही साक्ष कशी द्यावी याबद्दलचा एक छोटा दस्तऐवज वाचला. तो २८ जून २०११ रोजी जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून प्रसिद्ध केला. एरवी एका मेजावर क्वचित बसणारी ही मंडळी पाच वर्षं एकत्र बसली आणि बारा तत्त्वं ठरवली. आमिष नको, फसवणूक नको, कुणाच्या गरिबीचा किंवा असहायतेचा फायदा नको, इतर धर्मांबद्दल खोटं बोलणं नको. धर्म बदलणं हा मोठा निर्णय आहे, त्यासाठी माणसाला विचार करायला पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे. आणि अंतःकरण बदलणं हे पवित्र आत्म्याचं, म्हणजे देवाचं काम, आपलं काम साक्ष देणं. हे शेवटचं वाचून मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं.

आता परवानगीबद्दल. आमच्याकडे चालता बोलता एखाद्याशी गप्पा मारायला परवानगी लागत नव्हती. पण सार्वजनिक बागेत पुस्तकांचं टेबल मांडायचं तर अर्ज हवा होता. २० फेब्रुवारीला आम्ही तो दिला. मंडळीच्या लेटरहेडवरचं पत्र, दोन जबाबदार व्यक्तींची ओळखपत्रं, दिवस आणि वेळ, टेबलाचं माप, वाटायच्या साहित्याची प्रत्येकी एक प्रत. १० मार्चला अर्ज परत आला. जागेचा नकाशा जोडला नव्हता. कार्यालयातल्या बाईंनी समजावून सांगितलं : टेबल नेमकं कुठे, येण्याजाण्याच्या वाटेला किती जागा उरते, जवळचं फाटक कुठे, एवढं हाताने काढून आणा. माईंच्या नातवाने वहीच्या कागदावर पट्टीने काढून दिला. १३ मार्चला पुन्हा अर्ज, ४ एप्रिलला परवानगी. तीन महिन्यांची, ध्वनिक्षेपक वापरायचा नाही आणि कचरा आपणच उचलायचा या अटींवर. अनामत रक्कम भरावी लागली, ती मुदतीनंतर परत मिळते. एकूण त्रेचाळीस दिवस गेले. पोचपावती मागून घ्या, तिच्यावरचा आवक क्रमांक नसता तर दुसऱ्या खेपेला आमचा कागद सापडला नसता. आणि मूळ परवानगीपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलावरच ठेवा. कुणी विचारलं की शोधाशोध करत बसलेला माणूस अपराधी दिसतो.

परवानगीची वाट बघत असताना २५ फेब्रुवारीला, शनिवारी, आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो. पायी. येशूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं होतं, म्हणून माई आणि मी. पहिली चाळीस मिनिटं मी एकाही माणसाशी बोलले नाही. मनात कुणाला तरी गाठायचं ठरवायचं, आणि जवळ गेलं की तो घाईत आहे असं दिसायचं. शेवटी मी बसथांब्यावरच्या रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीला पत्रक दिलं आणि बोलायला सुरुवात केली. ती मान हलवत होती. मला वाटलं, जमलं! बस आली तेव्हा तिने ज्या वेगाने पाय उचलला तो बघून मी ओशाळले. ती रांगेत अडकली होती म्हणून ऐकत होती.

माईंनी त्या दिवशी एक नियम घालून दिला, तो मी आजही पाळते. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्याशी आपण होऊन विषय काढायचा नाही. रांगेतला माणूस, कामावर असलेला माणूस, रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक, एकटी मुलं, यांच्याशी नाही. त्यांनी विचारलं तर गोष्ट वेगळी. मुलं असतील तर आईवडिलांसमोरच. "पेशंटला इंजेक्शन देतानासुद्धा मी विचारायचे, देऊ का," माई म्हणाल्या.

१५ एप्रिलला टेबल मांडलं. घडीचं टेबल, दोन खुर्च्या, पाण्याची बाटली, कापड वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांना चिमटे आणि पत्रकांवर एक गोटा. पाटीवर मी आधी एक वचन लिहिलं होतं. दोन शनिवार कुणी थांबलं नाही. मग पाटी बदलली : 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का? विचारा, बोला, बसा.' तिसरी खुर्ची आणली. त्या तिसऱ्या खुर्चीने सगळं बदललं. उभ्या माणसाला आपल्याला पकडलंय असं वाटतं, बसलेला माणूस आपण होऊन बसलेला असतो.

मे महिन्यात त्या खुर्चीवर एक आजोबा येऊन बसले. पाटी वाचली होती की नाही कोण जाणे. त्यांनी पत्नीबद्दल बोलायला सुरुवात केली. ती कशी हसायची, औषधांच्या डबीवर वार कसे लिहून ठेवायची. डबी त्यांच्या खिशातच होती. निळ्या झाकणाची, सात खणांची, प्रत्येक खणावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर तिच्या अक्षरात सोम, मंगळ, बुध. 'शुक्र' पुसट झाला होता, तो त्यांनी स्वतः पेनने गिरवला होता आणि तेवढंच अक्षर वेगळं दिसत होतं. पन्नास मिनिटं ते बोलले. मला माझ्या तीन मिनिटांतलं एक वाक्यही बोलता आलं नाही. जाताना मी विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" ते म्हणाले, "करा की." मी चार ओळींत केली, डोळे उघडे ठेवून, त्यांच्या पत्नीसाठी आभार मानून. घरी जाताना मी माईंना म्हणाले, "आज काहीच सांगता आलं नाही." माई म्हणाल्या, "शोमरोनी बाईजवळ प्रभूने आधी पाणी मागितलं गं." बायबलमध्ये येशू विहिरीवर भेटलेल्या परक्या समाजातल्या बाईशी देवाबद्दल बोलण्याआधी तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, ती गोष्ट.

साहित्याबद्दल थोडं. पहिल्या वर्षाच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा छपाईचा होता आणि त्यातली निम्मी पत्रकं अजून खोक्यात आहेत. थोडी छापा. पत्रक प्रत्येकाच्या हातात कोंबण्यापेक्षा ज्याने विचारलं त्याला मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे मार्काने लिहिलेलं येशूचं चरित्र, द्यावं असं माझं मत झालं आहे. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, सावकाश वाचलं तरी दीड-दोन तासांत संपतं. वेळ कमी असेल त्याला मी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडून देते : हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि दोन मुलांचा बाप. घर सोडून गेलेल्या मुलाला लांबून परत येताना बघून धावत सुटलेला बाप कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

१७ जूनला जे झालं ते लिहायला मला जड जातंय. चाळिशीचा एक माणूस आला, पत्रक उचललं, वाचलं आणि शांतपणे चार तुकडे केले. मग बोलायला लागला. त्याच्या आजारी आईला कुणीतरी सांगितलं होतं की, तुझा विश्वास पुरेसा असता तर तू बरी झाली असतीस. शेवटचे दोन महिने ती स्वतःलाच दोष देत होती. "तुम्ही लोक असं का करता?" त्याने विचारलं. त्याचा आवाज चढला, माणसं थांबून बघायला लागली. माझ्या डोक्यात उत्तरं गर्दी करत होती. ते आम्ही नव्हतो, बायबल असं सांगत नाही, जन्मांध माणसाबद्दल येशूनेच सांगितलंय की ना याने पाप केलं ना याच्या आईबापांनी. सगळी खरी उत्तरं, आणि त्या क्षणी एकही कामाचं नव्हतं. मी म्हणाले, "तुमच्या आईला असं म्हणायला नको होतं. मला फार वाईट वाटतंय. माफ करा." तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी तुकडे वेचले, कारण कचरा उचलायची अट होती आणि दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

पुढचे तीन शनिवार मी गेले नाही. आपल्या बोलण्याने कुणाची आई अशी झुरू शकते, हा विचार मला झोपू देईना. आपण गप्प बसलेलंच बरं, 'असंच' म्हणालेलंच बरं, इथपर्यंत आले होते. पाळकसाहेबांकडे गेले तेव्हा त्यांनी मला समजावलं नाही. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सतरावा अध्याय वाचायला लावला. येशूचा प्रेषित पौल अथेनैच्या (अथेन्सच्या) बाजारात रोज भेटेल त्याच्याशी बोलायचा. अरीयपगात, म्हणजे तिथल्या सभेत, बोलला तेव्हा काहींनी थट्टा केली, काही म्हणाले याविषयी पुन्हा ऐकू, आणि दिओनुस्य, दामारी नावाची एक बाई आणि आणखी काही जणांनी विश्वास ठेवला. "हा माणूस या तीन गटांपैकी कशातच बसत नाही," मी म्हणाले. "नाही बसत," ते म्हणाले. "त्याच्यासाठी रोज प्रार्थना कर. आणि बरं होण्याचं वचन आपल्या तोंडून कधीही कुणाला जाऊ देऊ नकोस." तेव्हापासून आजारी माणसासाठी प्रार्थना करताना मी आधी स्पष्ट सांगते की मी देवाजवळ मागू शकते, त्याच्या वतीने कबूल करू शकत नाही. औषध चालू ठेवा, हेही सांगते. १५ जुलैला परत गेले.

मी एक वही ठेवते. तिच्यात नाव, फोन नंबर, धर्म काहीही लिहीत नाही, फक्त प्रार्थनेसाठी खूण, म्हणजे 'निळी डबी', 'चार तुकडे'. फोटो कुणाचेही काढत नाही. कुणी आपला नंबर द्यायला लागलं तर मी मंडळीचा पत्ता देते, यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. सप्टेंबरमध्ये एक बाई मार्क वाचून परत आल्या. त्यांना सोळाव्या अध्यायाच्या शेवटाबद्दल विचारायचं होतं, तळटीप अशी का आहे म्हणून. सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांमध्ये मार्क आठव्या ओवीवरच थांबतो, येशूच्या रिकाम्या कबरेपासून घाबरून पळणाऱ्या आणि कुणालाच काही न सांगणाऱ्या बायकांवर, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग या घाबरलेल्या बायकांनी नंतर कुणाला तरी सांगितलं असणारच, नाहीतर हे इथवर कसं आलं?" मी त्या शेवटाकडे असं कधी बघितलंच नव्हतं. त्या अजून अधूनमधून येतात. कधी प्रश्न असतो, कधी नसतो.

परवानगीचं नूतनीकरण तीनदा झालं. नकाशा एकदा दिलेला असला की पुढच्या खेपांना आठवडाभरात काम होतं, फक्त अर्ज मुदत संपायच्या तीन आठवडे आधी द्या. माईंचे गुडघे आता दोन तास साथ देत नाहीत, त्यामुळे पुढच्या शनिवारपासून माझ्याबरोबर वर्गातली एक कॉलेजची मुलगी येणार आहे. काल तिचा फोन आला होता. "ताई, मी काय काय पाठ करून येऊ?" मी तिला सांगितलं, सपाट चपला घाल, पाणी घे, आणि जमलं तर दोन चिमटे आण, जुन्यातला एक तुटलाय.